विमान बांधाल, तेव्हा वायरिंगवरही जीव लावा

धाराशिव, कळंब, उमरग्याच्या गॅरेजांत आणि मोटार वायंडिंगच्या दुकानांत राबणाऱ्या पोरांनो, तुमच्यापैकी कुणीतरी आज ना उद्या विमान बांधायला घेणार. कॅप्टन अमोल यादवांनी कांदिवलीत, चारकोपच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. मग आपल्या पत्र्याच्या शेडमध्ये का होऊ नये? जरूर बांधा. पण इंजिनाइतकाच जीव वायरिंगवर लावा.

आपला हात बसलाय शेतातल्या मोटारीवर. डीपीचा फ्यूज सारखा जातो, म्हणून आपण जाड तार घालतो आणि पाणी सुरू करतो. ही सवय शेडबाहेरच ठेवा. फ्यूज असतो तो तार जळू नये म्हणून. तार जेवढा करंट सोसते त्याहून कमीचा फ्यूज घ्या आणि बॅटरीच्या बाजूला, वीज जिथून निघते तिथेच बसवा. लांब लावलात, तर त्याच्या अलीकडच्या तारेला राखणच उरत नाही. शेतात धूर निघाला तर माणूस बाजूला होतो. हवेत कुठे होणार? साधी पीव्हीसी वायर जळताना विषारी धूर सोडते. विमानासाठी टेफ्झेलची वायर मिळते. महाग आहे, तरी तीच घ्या.

पिळून टेप गुंडाळलेला जोड तर नकोच. सोल्डर जिथे संपतं तिथे तार ताठ होते आणि इंजिनाच्या थरथरीने नेमकी तिथेच तुटते. म्हणून लग चांगल्या क्रिंपिंग पकडीने दाबा, ओढून बघा आणि तार जवळच बांधून तिला आधार द्या. पत्र्यातून तार जाते त्या भोकात रबरी ग्रोमेट हवंच.

इंजिनाला ठिणगी देणाऱ्या मॅग्नेटोची गोष्ट मात्र नीट ध्यानात घ्या. मॅग्नेटोवरचं इंजिन बॅटरी काढली तरी चालतं. स्विच बंद केला की मॅग्नेटोची तार बॉडीला टेकते, तेव्हा ठिणगी थांबते. ती तार तुटली तर स्विच बंद दिसतो, पण इंजिन जिवंतच असतं; पंखा हाताने फिरवला तरी सुरू होऊ शकतं. स्विच कसाही असो, पंख्यापाशी जाताना इंजिन जिवंतच समजा.

यादवांच्या विमानाची नोंदणी २०१७ मध्ये झाली, उड्डाणाचा परवाना २०१९ मध्ये मिळाला. तेवढं थांबायची तयारी ठेवा. २०२१ मध्ये यवतमाळच्या फुलसावंगीत स्वतः बनवलेल्या हेलिकॉप्टरची चाचणी घेताना पातं तुटून एक हुशार तरुण गेला. दोष वायरिंगचा नव्हता, पण त्याच्या घरच्यांचं दुःख आठवलं की तुम्हाला हे सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आधी सगळा नकाशा कागदावर काढा, प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना नंबर घाला. विमानाचं काम केलेल्या इंजिनिअरला बोलावून दाखवा. पहिल्यांदा बॅटरी जोडताना सगळे फ्यूज काढून ठेवा. मग एकेक लावायचा, थांबायचं, ती तार गरम होते का ते बघायचं, आणि मगच पुढचा.