कान बदलायचा की नाही?

आमच्या विंगमध्ये दर सेमला कोणाचा ना कोणाचा तरी मोबाईल बदलतो. जुन्याला काहीही झालेलं नसतं, फक्त बाजारात नवा आलेला असतो! गेल्या महिन्यात असाच एक नवा फोन सगळ्याजणी हाताळत होतो, तेवढ्यात माझी रूममेट सहज म्हणाली, "अगं, आम्ही दोन वर्षांत फोन बदलतो आणि तू दहा वर्षं तोच कान घालून फिरतेस. बदल की आता!"

सगळ्या हसल्या, मीही हसले. पण तो प्रश्न काही डोक्यातून जाईना. कारण घरी सध्या तोच विषय चालू आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. माझ्या उजव्या कानामागे जे दिसतं ते ब्लूटूथ नाही. (एकदा परीक्षेत सुपरवायझर सरांनी ते काढून ठेवायला सांगितलं होतं. काढलं असतं तर त्यांच्या पुढच्या सूचना मला ऐकूच आल्या नसत्या!) मला जन्मापासून ऐकू येत नाही. तीन वर्षांची असताना माझं कॉक्लिअर इम्प्लांटचं ऑपरेशन झालं. त्यानंतर आईने 'पाणी', 'पोळी', 'ये', 'जा' असा एकेक शब्द शंभर-शंभर वेळा म्हणून मला मराठी शिकवलं. पुढे कॉन्व्हेंटमध्ये इंग्लिश आलं आणि मराठी लिहायचं राहून गेलं. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पदरात घ्या.

आता थोडं टेक्निकल. ई अँड टीसीवाल्यांना ही सिस्टिम नक्की आवडेल. बाहेरच्या प्रोसेसरमधला मायक्रोफोन आवाज पकडतो. आतली चिप त्या आवाजाचे फ्रिक्वेन्सीप्रमाणे पट्टे पाडते. डोक्याला चुंबकाने चिकटलेल्या कॉइलमधून तो सिग्नल रेडिओ लहरींनी कातडीखालच्या रिसीव्हरला जातो आणि त्याच वाटेने आतल्या भागाला पॉवरही मिळते, म्हणजे आत बॅटरीच नाही. तिथून शंखासारख्या कॉक्लियात बसवलेले इलेक्ट्रोड थेट नसेला करंटचे छोटे पल्स देतात. तुमच्या प्रत्येक कानात आवाज टिपणाऱ्या आतल्या रांगेतल्या केस-पेशीच साधारण साडेतीन हजार असतात. माझ्याकडे इलेक्ट्रोड आहेत २२. बाकीचं सगळं मेंदू सांभाळून घेतो.

यातली महत्त्वाची गोष्ट अशी की अपग्रेड म्हणजे फक्त बाहेरचा प्रोसेसर बदलणं. आतले २२ इलेक्ट्रोड २२च राहणार. मग पाच लाखांच्या आसपासचं कोटेशन कशासाठी?

माझं पहिलं मत हेच होतं. चालतंय ना, मग कशाला बदलायचं? बाबा दोन वर्षांनी रिटायर होतील. जी एफडी मोडायचं चाललंय ती धाकट्या भावाच्या ॲडमिशनसाठी ठेवलेली आहे. त्यामुळे बाबांनी फोनवर विचारलं की मी म्हणायचे, "एकदम मस्त ऐकू येतंय." आणि इथे लेक्चरला शेवटच्या बाकावर अर्धं ऐकून अर्धं अंदाजाने लिहायचे. मेसमध्ये तर सगळ्या हसल्या की आपणही हसायचं, जोक नंतर रूमवर विचारायचा.

पण इतिहास वाचला तर 'इलेक्ट्रोड तेच, म्हणून ऐकू येणंही तेच' हा हिशेब चुकीचा आहे. १९७८ साली मेलबर्नला ग्रॅम क्लार्क यांच्या टीमने अनेक चॅनेलचं आपलं पहिलं इम्प्लांट बसवलं. पुढे १९९१ साली ब्लेक विल्सन आणि सहकाऱ्यांनी 'नेचर'मध्ये दाखवून दिलं, की सगळ्या इलेक्ट्रोडना एकदम करंट न देता भराभर एकामागून एक पल्स दिले तर त्याच पेशंटना बोलणं कितीतरी चांगलं समजतं. आतलं काहीच बदललं नव्हतं, बदलली होती प्रोसेसिंगची पद्धत! या दोघांना आणि इंगेबोर्ग होखमायर यांना २०१३ साली लास्कर पुरस्कार मिळाला. म्हणजे बाहेरच्या डब्याला कमी लेखून चालणार नाही.

आणि मग जुलैमध्ये तो दिवस उजाडला. ओरल्सच्या दिवशी सकाळी पावसात कॉइलची केबल गेली. एका क्षणात सगळं बंद... पंखा, पाऊस, मैत्रिणी, सगळं. सरांनी बिचाऱ्यांनी प्रश्न कागदावर लिहून दिले. नवी केबल कुरियरने यायला चार दिवस लागले. वर निरोपही आला, की या मॉडेलचे सुटे भाग आणखी दोनच वर्षं मिळतील. तेव्हा कळलं, की 'चालतंय ना' हे उत्तर फक्त चालू असेपर्यंतच खरं असतं.

म्हणून मी ठरवलं, भावनेच्या भरात हो नाही आणि नाहीही नाही. आपण इंजिनियर आहोत तर टेस्ट करू! ऑडिओलॉजिस्ट मॅडमना सांगून नवा प्रोसेसर ट्रायलला लावला. जुन्यावर शांत खोलीत २५ पैकी २३ शब्द बरोबर आले, गोंगाट सोडल्यावर ११. नव्यावर गोंगाटात १६. मग मॅडमनी जुन्यालाच जोडता येणारा छोटा वायरलेस माईक बोलणाऱ्याच्या कॉलरला लावला, तर १९! आणि त्याची किंमत प्रोसेसरच्या पासंगालाही पुरत नाही.

एक गोष्ट मात्र आकड्यांत आली नाही. नव्या प्रोसेसरमधून आईचा आवाज वेगळाच, पातळ आणि टोकदार लागला. मॅडम म्हणाल्या, काही आठवड्यांत मेंदूला सवय होते. होईलही. पण ज्या आवाजाने मला बोलायला शिकवलं तो परका वाटला तेव्हा पोटात गलबललं, हे कबूल करते.

तर माझं मत असं. नवं आहे म्हणून घेणं हा मूर्खपणा, आणि घरच्यांवर भार नको म्हणून खोटं बोलत राहणं हाही मूर्खपणाच. या वर्षी मी माईक आणि एक जादा केबल घेतेय. प्रोसेसर घ्यायचाच, पण पुढच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत, म्हणजे नवा आवाज पचवायला सबमिशनचा गोंधळ आड येणार नाही आणि सुटे भाग संपायच्या आत काम होईल. जुना परत दिला तर सूट मिळतेय, ती मी घेणार नाही. तो स्पेअर म्हणून कपाटात राहील. बाबांना सगळं खरं सांगितलं. ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "एवढंच आधी सांगायचं होतंस ना!"

आणखी एक. केंद्र सरकारच्या एडिप योजनेत २०१४ पासून लहान मुलांच्या इम्प्लांटसाठी सहा लाखांपर्यंत मदतीची तरतूद झाली, ही फार मोठी गोष्ट आहे. पण ऑपरेशन एकदाच होतं, बाहेरचं यंत्र मात्र आयुष्यभर बदलत राहावं लागतं. त्या खर्चाचं काय? केरळच्या योजनेत अपग्रेडचाही विचार झाला आहे. तसा तो प्रत्येक राज्यात व्हायला हवा. आणि कंपन्यांनी सुटे भाग किती वर्षं मिळतील हे विकतानाच लिहून द्यायला हवं. आतला भाग जन्मभराचा देता, मग बाहेरच्याची जबाबदारी मध्येच का सोडता?

सर आणि मॅडम, पुढच्या आठवड्यापासून लेक्चर सुरू व्हायच्या आधी मी एक छोटा माईक घेऊन तुमच्याकडे येईन. प्लीज तो कॉलरला लावा. फक्त लेक्चर संपल्यावर आठवणीने काढून द्या, नाहीतर स्टाफरूममधल्या गप्पाही मला ऐकू येतील!

– तृतीय वर्ष, ई अँड टीसी, लेडीज होस्टेल