पुणे स्टेशन कोणासाठी?

मार्केट यार्डात दिवस सुरू होतो तो मध्यरात्रीनंतर. भाजीपाल्याच्या आणि कांदा-बटाट्याच्या मालमोटारी एकामागून एक आत येऊ लागतात, गाळ्यांतले दिवे लागतात, आणि उरलेले शहर साखरझोपेत असता येथे शेकडो माणसे पाठीवर पोती घेऊन धावत असतात. यांपैकी पुष्कळांची घरे पुण्यात नाहीत. कोणी लातूरकडचा, कोणी सोलापूर-नांदेडकडचा, तर कोणी थेट बिहारातला. दिवाळीला, गावच्या जत्रेला, किंवा घरी कोणी आजारी पडल्याचा निरोप आला म्हणजे ही माणसे एक गाठोडे आणि एक पिशवी घेऊन पुणे स्टेशनची वाट धरतात. आरक्षित तिकीट त्यांच्यापाशी नसते. खिडकीपुढे रांग लावून घेतलेले साधे तिकीट असते, आणि डब्यात पाय ठेवण्यापुरती जागा मिळावी म्हणून ती चार-चार तास आधी येऊन फलाटाच्या फरशीवर पथारी पसरतात. पुणे स्टेशनच्या पुनर्विकासासंबंधी जे काही बोलले व छापले जाते ते वाचताना आमच्या डोळ्यांपुढे प्रथम हा उतारू उभा राहतो. नकाशे काढणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे तो उभा राहतो की नाही याविषयी आम्हांस शंका आहे, आणि ती शंका आज या पानावर मांडणे आम्हांस अवश्य वाटते.

पुण्याला आगगाडी आली ती १४ जून १८५८ रोजी, खंडाळ्याकडून. त्या वेळी बोरघाट अजून फोडला जावयाचा होता. मुंबईची गाडी खोपोलीस थांबे. तेथून उतारूंनी पालखीत बसून, तट्टावरून किंवा पायी घाट चढावा आणि खंडाळ्यास पुन्हा गाडी धरावी अशी रीत होती. १८६३ च्या एप्रिलात घाटाचा लोहमार्ग खुला झाला. तो बांधताना पटकीने व अपघातांनी हजारो मजूर मेले. त्यांची नावे कोठे कोरलेली नाहीत. आज आपण जी इमारत पाहतो ती पुष्कळ नंतरची. मुंबई इलाख्याचे तत्कालीन गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते २७ जुलै १९२५ रोजी तिचे उद्घाटन झाले, आणि २०२५ साली तिने शंभरी पुरी केली. बोरीबंदरच्या इमारतीसारखी ती डोळे दिपविणारी नाही. तिच्यात बडेजाव कमी आणि घरंदाजपणा अधिक, असे म्हटले तर पुणेकरांस ते पटेल. १ जून १९३० रोजी सुरू झालेली डेक्कन क्वीन या इमारतीच्या सावलीत वाढली. पानशेतच्या पुरानंतरचे पुणे तिने पाहिले. तीन-चार पिढ्यांच्या निरोपांची आणि आगतस्वागतांची ती साक्षी आहे.

अशा या स्थानकाचे भाग्य पालटण्याची घोषणा काही पहिल्यांदा होत नाही. २००९ च्या रेल्वे अर्थसंकल्पात देशातील पन्नास स्थानके जागतिक दर्जाची करण्याचा संकल्प सोडण्यात आला, आणि त्या यादीत पुण्याचे नाव होते. पुढे २०१२ साली याच कामासाठी एक स्वतंत्र महामंडळ स्थापन झाले. पुणे स्टेशन त्याच्या योजनांत आले, खासगी भांडवलाच्या गोष्टी झाल्या, आणि २०२१ साली ते महामंडळच गुंडाळले गेले. २०२३ पासून अमृत भारत स्थानक योजनेचे नाव ऐकू येते. प्रत्येक वेळी योजनेचे नाव नवे, चित्रे नवी आणि आश्वासनही नवे. चित्रांविषयी एक गोष्ट आमच्या ध्यानात आली आहे. या साऱ्या चित्रांत काचेची छते असतात, झाडे असतात, चाकांच्या बॅगा ओढीत चाललेली सडपातळ माणसे असतात. गाठोडे घेतलेला मनुष्य त्यांत आम्ही अद्याप पाहिलेला नाही.

आम्ही शिक्षकी पेशात होतो त्या काळी बदली तासाला गणित शिकविण्याचा प्रसंग येई. दोन गाड्या समोरासमोरून येतात, त्या एकमेकींस किती वेळात ओलांडतील, असली उदाहरणे मुलांकडून सोडवून घ्यावी लागत. त्या पुस्तकात एक उदाहरण नव्हते: गाडी वेळेवर आली, पण फलाट मोकळा नाही म्हणून ती सिग्नलाशी उभी राहिली, तर उतारू घरी केव्हा पोहोचेल? पुण्याच्या उतारूस हे उदाहरण पाठ आहे. सहा फलाटांवर हे स्थानक मुंबई, मिरज आणि सोलापूर या तिन्ही दिशांच्या गाड्यांचा भार वाहते. मोठ्या लांबीच्या गाड्यांना सगळे फलाट पुरत नाहीत, आणि फलाट वाढवावयाचे तर यार्डातील रुळांची मांडणीच बदलावी लागते. यार्डाच्या फेररचनेचा हा प्रश्न वर्षानुवर्षे चर्चेत राहिला. हे काम खर्चाचे आहे, ते करताना गाड्यांचा खोळंबा होतो, आणि पुरे झाल्यावर त्याचे छायाचित्र काही मोठे प्रेक्षणीय निघत नाही. दर्शनी भागाची सुधारणा मात्र लगेच दिसते. म्हणून आमची पहिली मागणी अशी की, यार्ड आणि फलाट यांच्या कामाला क्रमात पहिला मान मिळावा, आणि ते तडीस गेल्याखेरीज शोभेच्या कामावर पैसा खर्च होऊ नये.

फलाटांइतकेच महत्त्व पुलांना आहे. मुंबईत २९ सप्टेंबर २०१७ रोजी, त्या वेळी एल्फिन्स्टन रोड म्हणून ओळखल्या जाणाऱ्या स्थानकाच्या पादचारी पुलावर चेंगराचेंगरी होऊन वीसहून अधिक माणसे प्राणास मुकली. १५ फेब्रुवारी २०२५ च्या रात्री नवी दिल्लीच्या स्थानकात, कुंभमेळ्याच्या गर्दीत, अठरा जणांचा बळी गेला. यांतील एकही स्थानक आडगावचे नव्हते. दिवाळीच्या आणि छठपूजेच्या आधीच्या आठवड्यात दानापूरची गाडी लागते तेव्हा पुणे स्टेशनच्या पुलावर आणि फलाटावर जो लोंढा उसळतो, तो ज्याने पाहिला आहे त्यास या दोन तारखा आठवल्यावाचून राहत नाहीत. येणाऱ्यांची वाट वेगळी, जाणाऱ्यांची वेगळी, पूल रुंद, आणि गाडीचा फलाट ऐन वेळी बदलावयाचा नाही, इतके जरी साधले तरी आम्ही पुनर्विकास झाला असे समजू.

आता जुन्या इमारतीविषयी. ती पाडावी असे कोणी उघड म्हणत नाही. परंतु पुनर्विकासाच्या लाटेत काय वाहून जाईल याचा नेम नसतो. लंडनमधील यूस्टन स्थानकापुढील भव्य कमान १९६१-६२ मध्ये आधुनिकतेच्या नावाखाली पाडण्यात आली. न्यूयॉर्कचे पेनसिल्व्हेनिया स्थानक १९६३ पासून जमीनदोस्त करण्यात आले, आणि त्या शहराला इतकी हळहळ लागली की, दोनच वर्षांत वारसा वास्तूंच्या रक्षणाचा कायदा झाला. उलटपक्षी लंडनचेच सेंट पॅनक्रास घ्या. तेही पाडले जावयाचे होते. लोकांनी ते वाचविले, आणि २००७ मध्ये समुद्राखालून युरोपास जाणाऱ्या गाड्या त्याच जुन्या छताखालून सुटू लागल्या. आपल्याकडे मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस २००४ साली जागतिक वारशात गेले, आणि २०२२ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ज्या तीन मोठ्या स्थानकांच्या पुनर्विकासास मंजुरी दिली त्यांत त्याचाही समावेश आहे. जुने राखून नवे करता येते, हे सिद्ध करण्याची जबाबदारी तेथे आहे तशीच येथेही आहे. मात्र राखणे म्हणजे रंग देऊन आत एखादे महागडे उपाहारगृह थाटणे नव्हे. पुण्याची ही इमारत उतारूंसाठी बांधली गेली. तिच्या छताखाली उतारूंनाच बसता आले पाहिजे.

बसण्याचा हा प्रश्न क्षुल्लक वाटेल. आमच्या मते साऱ्या वादाचा गाभा तेथेच आहे. भोपाळचे राणी कमलापती स्थानक १५ नोव्हेंबर २०२१ रोजी नव्या रूपात खुले झाले, तेव्हा ते विमानतळासारखे दिसते अशी त्याची वाखाणणी झाली. विमानतळावर प्रत्येक उतारूची जागा नक्की असते, आणि जागेहून अधिक माणसे विमानात घेत नाहीत. रेल्वेचा धर्म वेगळा आहे. तिच्या दारी येणाऱ्याला ती साधे तिकीट देते आणि आता तुझी जागा तू शोध म्हणते. तेव्हा निदान तो शोध सुरू होईपर्यंत त्याला सावली, पंखा, पिण्याचे पाणी आणि स्वच्छ शौचालय फुकट मिळावे, बायामुलांना रात्री आडवे होता यावे, यात कोणती चैन आहे? स्टेशनपुढे महात्मा गांधींचा पुतळा आहे. मुंबईहून मद्रासला जाताना तिसऱ्या वर्गात पाहिलेले हाल गांधीजींनी १९१७ साली लिहून ठेवले, आणि त्या मजकुरात पुण्याचाही उल्लेख येतो. तिसरा वर्ग १९७४ साली कागदावरून गेला. तिसऱ्या वर्गाचा उतारू कोठेही गेलेला नाही.

यावर कोणी म्हणेल की, गर्दी कमी करण्यासाठी गाड्याच अन्यत्र हलवाव्या. हडपसरहून काही गाड्या सुटू लागल्या आहेत आणि खडकीचेही नाव घेतले जाते. हा विचार मुळात चुकीचा नाही. पण स्थलांतराने काय साधते व काय साधत नाही, हे मार्केट यार्डाइतके पुण्यात दुसऱ्या कोणत्याही जागेस ठाऊक नसेल. नाना पेठ आणि भवानी पेठ यांतील गूळ-भुसार बाजार पेठांची कोंडी फुटावी म्हणून गेल्या शतकाच्या उत्तरार्धात गुलटेकडीस हलविला. त्या वेळी ती शहराबाहेरची जागा होती. आज शहराने त्या बाजाराला चहूकडून वेढले आहे, आणि पेठांतली कोंडी रस्ता बदलून येथे येऊन राहिली आहे. बाजाराच्या आराखड्यात व्यापाऱ्यांस गाळे मिळाले. हमालांच्या आणि तोलणारांच्या वाट्याला जे आले ते त्यांच्या संघटनेमुळे आले. डॉ. बाबा आढाव यांनी पन्नासच्या दशकात उभारलेल्या हमाल पंचायतीने झगडून मिळविले नसते, तर पुष्कळ गोष्टी कागदावरही आल्या नसत्या. कष्टकऱ्यांना स्वस्तात पोटभर जेवण मिळावे म्हणून १९७४ साली तिने ‘कष्टाची भाकर’ सुरू केली. कोणत्याही नकाशात तिची जागा नव्हती. हडपसरला गाडी नेताना रस्ता, बस आणि रात्रीचा निवारा हे आधी झाले नाही, तर गरिबाची गाडी दूर गेली आणि स्टेशन श्रीमंतांसाठी मोकळे झाले, इतकाच त्याचा अर्थ लोक करतील. आणि त्यांस दोष देता येणार नाही.

पैशाचे काय, असा प्रश्न येतोच. मोक्याच्या जागेवरील रेल्वेची जमीन भाड्याने द्यावी आणि त्यातून स्थानकाचा खर्च भागवावा, या कल्पनेला आमचा तत्त्वतः विरोध नाही. करार मात्र लोकांस मराठीत वाचावयास मिळावा, आणि कोणती जागा दुकानांची व कोणती उतारूंची, हे त्यात चौरस फुटांत लिहिलेले असावे. पुण्याला या बाबतीत एक जुना धडा आहे. नव्या मंडईच्या भव्य इमारतीवर पैसा खर्चण्याचा घाट घातला गेला तेव्हा नगरपालिकेचे सभासद जोतीराव फुले यांनी तो पैसा शिक्षणाकडे वळवावा म्हणून विरोध केला. १८८६ मध्ये ती मंडई लॉर्ड रे यांच्या नावाने उघडली. पुढे तिला नाव मिळाले ते जोतीरावांचे. विरोध करणाऱ्याचे नाव इमारतीला द्यावयाचे आणि त्याचे म्हणणे विसरावयाचे, ही आमची जुनी खोड आहे.

शेवटी एक लहानशी सूचना, जिच्यासाठी महामंडळ लागत नाही आणि आराखडाही लागत नाही. वनाज-रामवाडी मेट्रो १ ऑगस्ट २०२३ पासून पुणे स्टेशनशी जोडली गेली. स्वारगेटची मेट्रो २९ सप्टेंबर २०२४ रोजी सुरू झाली, आणि जिल्हा न्यायालयाशी गाडी बदलून आता स्टेशन गाठता येते. स्वारगेटपासून कात्रजपर्यंतच्या वाढीव मार्गास ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली असून त्यावर मार्केट यार्डाचे स्थानक धरलेले आहे. त्याची नियोजित मुदत २०२९ ची आहे. पण मेट्रो रात्री बंद असते, आणि मार्केट यार्डाचा दिवस तर रात्रीच सुरू होतो. मध्यरात्रीच्या गाडीने उतरलेल्या हमालास पाठीवरचे गाठोडे घेऊन सुमारे दोन कोस चालावे लागते, नाहीतर रिक्षावाला मागेल ते द्यावे लागते. पुणे स्टेशन ते मार्केट यार्ड अशी रात्री अकरापासून पहाटे पाचपर्यंत, निदान दर अर्ध्या तासाने, पीएमपीची एक बस सुरू करावी. रेल्वेच्या विभागीय व्यवस्थापकांनी आणि पीएमपीच्या अध्यक्षांनी एकत्र बसून हे ठरविल्यास येत्या दिवाळीपूर्वी ती धावू शकेल.