सोयाबीनची बीजप्रक्रिया: मूळकूज नेमकी कुठपर्यंत थांबते?

मृगाचा पाऊस झाला की विदर्भ-मराठवाड्यात सोयाबीनच्या पेरणीची घाई सुरू होते आणि बीजप्रक्रियेचे व्हीडिओ व्हॉट्सॲपवर फिरू लागतात. 'हे औषध लावा, पीक शेवटपर्यंत पिवळं पडणार नाही,' असा दावा त्यात हमखास असतो. तो अर्धाच खरा आहे.

सोयाबीनचं टरफल पातळ. ओल्या मातीत बी फुगलं की जमिनीतल्या बुरशींना ते आयतं सापडतं. रायझोक्टोनिया मुळं सडवते. स्क्लेरोशियम रोपाला जमिनीलगत गाठते. तिथे कापसासारखा पांढरा थर आणि मोहरीएवढे दाणे दिसतात. अशी रोपं माना टाकतात, ओळीत खाडे पडतात.

यावरचा जुना उपाय म्हणजे कार्बोक्सिन आणि थायरम यांचं मिश्रण, किलोला ३ ग्रॅम. थायरम बियाण्याच्या वरच राहून काम करतं, कार्बोक्सिन कोवळ्या रोपात शोषलं जातं. एकरी ३० किलो बियाणं धरलं तर औषध लागतं फक्त ९० ग्रॅम. दुबार पेरणीचा खर्च आठवला तर हा सौदा स्वस्तच म्हणायचा. घरचं बियाणं पेरणाऱ्यांसाठी तर जास्तच.

पण हे संरक्षण साधारण पहिल्या तीन-चार आठवड्यांचं. मुळं वाढून पसरतात, औषध विरत जातं.

२०२३ मध्ये हेच दिसलं. तो ऑगस्ट १९०१ पासूनचा देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. सप्टेंबरमध्ये विदर्भात उभं सोयाबीन पिवळं पडून वाळलं. त्यात मूळकूज होती, चारकोल रॉट होता आणि पिवळा मोझॅकही. चारकोल रॉटची बुरशी उष्ण, कोरड्या जमिनीत, ऐन शेंगा भरताना जोर करते. जूनमध्ये लावलेली पावडर तिथवर पोहोचत नाही. मोझॅक तर विषाणूजन्य; तो पांढरी माशी पसरवते, त्यावर बुरशीनाशकाचा काही उपयोग नाही. तेव्हा 'पिवळं पडलं' म्हणजे मूळकूजच, असं धरून दुकान गाठण्याआधी रोप उपटून मुळं बघायला हवीत.

घाईत आणखी एक चूक होते: सगळं एकाच घमेल्यात कालवलं जातं. शिफारशीचा क्रम आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, शेवटी रायझोबियम असा आहे. रायझोबियम हे जिवंत जिवाणू आहेत. ते पेरणीच्या अगदी आधी लावायचे आणि बियाणं सावलीत सुकवून लगेच पेरायचं. रासायनिक औषध नको असेल तर ट्रायकोडर्मा रायझोबियमसोबत चालतो. बियाणं जोरात चोळायचं मात्र नाही. टरफल निघालं की उगवण गेली.

विकतच्या पिशवीतलं रंगीत बियाणं अनेकदा आधीच औषध लावलेलं असतं. लेबल वाचल्याशिवाय त्यावर पुन्हा पावडर टाकू नये. पेरून उरलेलं असं बियाणं धुऊनही खाण्याजोगं होत नाही. ते जनावरांना घालू नये आणि मोंढ्यावरच्या मालात तर मिसळूच नये.