तर्जुमा बदलला की किताब?

"सर, बायबल दर काही वर्षांनी बदलतं ना?" आठवीतल्या एका मुलाने विचारले. इथे शेलूबाजारात ही दलील आम्हीही अनेकदा ऐकली आहे. ती कच्ची आहे.

बदलतो तो बहुधा तर्जुमा. विल्यम कॅरीने 1811 मध्ये मराठी नवा करार छापला, तो मोडी लिपीत. पुढे पंडिता रमाबाईंनी केडगावात हिब्रू-ग्रीकवरून अख्खे बायबल पुन्हा मराठीत आणले. ते 1924 मध्ये, त्यांच्या निधनानंतर निघाले. शाह अब्दुल कादिर यांची उर्दू तरी आज किती घरांत सहज कळते?

खरा सवाल जुन्या हस्तलिखितांचा. मार्कच्या शेवटच्या बारा ओळी चौथ्या शतकातल्या दोन प्रमुख प्रतींत नाहीत. हे ख्रिस्ती विद्वानांनीच शोधले आणि तळटिपेत छापले. उलट, मृत समुद्राकाठी 1947 मध्ये सापडलेली यशयाची गुंडाळी तोवरच्या हिब्रू प्रतींहून हजारेक वर्षे जुनी, तरी मजकूर बराचसा जुळतो.

हजरत ईसा (अलैहिस्सलाम) यांच्यावर उतरलेल्या इंजीलवर आमचा ईमान आहे. आजची चार शुभवर्तमाने म्हणजे ती जशीच्या तशी, असे आम्ही मानत नाही. पण त्यासाठी कच्ची दलील कशाला? अहले किताबशी उत्तम रीतीनेच वाद घाला, हे सूरह अन्कबूतमध्ये (आयत 46) आलेच आहे.

मुलाने वहीत 'तर्जुमा' आणि 'मूळ प्रत' असे दोन रकाने आखले. दुसरा अजून अर्धा रिकामा आहे.