भांडण गावात मिटवा, पण बाईचं नाव पुसू नका



वनहक्काच्या दाव्यांची मीटिंग घ्यायला आम्ही एका पाड्यावर गेलो होतो. पण लोक बोलायला लागले ते एका सोडचिठ्ठीवर. नवरा-बायकोचं पटेना म्हणून पंच बसले होते. देजाचा हिशेब झाला, दंड घेतला, दंडाची दारू झाली, निकाल लागला. बाई दोन पोरं घेऊन शेजारच्या पाड्यावर माहेरी गेली. दोघांनी मिळून पंधरा वर्षं कसलेला प्लॉट मात्र एकट्या नवऱ्याकडे राहिला. बाईला कोणी विचारलंच नाही. ती आम्हाला म्हणाली, "बांध मीपन घातलाय ना?"

तिचा भाऊ कोर्टात जायला निघाला होता. आम्ही म्हटलं, जा, पण हिशेब कर. एक तारीख म्हणजे जीपभाडं, दिवसाची मजुरी आणि वर वकिलाची फी. साहेब रजेवर असला तर पुढची तारीख. खेपा घालता घालता बैल विकायची पाळी येते. आणि तिथं आपली रीत कोणाला माहीत असते?

रीत इथं महत्त्वाची आहे. 1955 चा हिंदू विवाह कायदा आपल्या जमातींना लागू नाही. केंद्र सरकारने तसं जाहीर केलं तरच तो लागतो. म्हणजे आपलं लग्न आणि काडीमोड रिवाजाने होतो. 1996 च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रात तंटे मिटवायची रूढ पद्धत जपायचा अधिकार ग्रामसभेला दिला. चार कारभाऱ्यांना नाही, ग्रामसभेला. आणि ग्रामसभेत बायाही येतात.

दुसरी गोष्ट जमिनीची. 2006 च्या वनहक्क कायद्याप्रमाणे लग्न झालेल्यांचा पट्टा दोघांच्या नावाने होतो. तो विकता येत नाही, दुसऱ्याला देऊन टाकता येत नाही. मग पंच कोणत्या अधिकाराने बाईचं नाव पुसणार?

आम्ही दाव्याचा अर्ज काढून वाचला. त्यात तिचं नाव होतं. ग्रामसभा परत बसली, रात्री उशिरापर्यंत भांडली. शेवटी ठरलं, प्लॉट अर्धा-अर्धा कसायचा आणि अर्जातलं नाव तसंच ठेवायचं. दोघंही पुरते खूश नव्हते, पण दोघांनी अंगठे दिले. कोर्टाची पायरी कोणाला चढावी लागली नाही.

म्हणून आमचं म्हणणं असं:

1. बाईचं म्हणणं बाईच्याच तोंडून ऐका, भावाच्या नाही.
2. निकालाला बसणाऱ्यांत निम्म्या बाया पाहिजेत.
3. जमीन, पोरं, गुरं, भांडी, देज सगळं वहीत लिहा, वाचून दाखवा, मग सह्या-अंगठे घ्या.
4. दंडाची दारू बंद.

आणि एक हद्द पाळा. जीव घेणारी मारहाण, बलात्कार, डाकीण म्हणून छळ ही घरगुती भांडणं नाहीत. ती दंड घेऊन मिटवायची नाहीत, पोलिसात न्यायचीच. 1987 च्या कायद्याने आदिवासींना आणि बायांना सरकारी खर्चाने वकील मिळतो, तो तालुक्याच्या कोर्टात मागा.

"आमच्या गावात आम्हीच सरकार" असं आपण मोर्चात ओरडतो. सरकार व्हायचं तर न्यायही आपणच करावा लागेल. वनखात्याने आपलं नाव कागदावरून पुसलं म्हणून आपण लढतोय. मग आपल्याच बाईचं नाव आपणच कसं पुसायचं?

जिंदाबाद!