कापसाच्या नोंदीचा धनी कोण?

विसाव्या शतकाच्या आरंभी यवतमाळ ते मूर्तिजापूर ही अरुंद रुळांची रेल्वे बांधली गेली, ती वऱ्हाडचा कापूस मुंबईमार्गे मँचेस्टरच्या गिरण्यांकडे धाडण्यासाठी. लोकांनी तिला ‘शकुंतला’ म्हणून आपलेसे केले; रूळ मात्र स्वातंत्र्यानंतरही अनेक दशके खासगी कंपनीच्या मालकीचे राहिले आणि भारतीय रेल्वे त्यांचा मोबदला मोजत राहिली. माल पिकवणारा एक आणि मालाच्या वाटेचा धनी दुसरा, हे या जिल्ह्याचे जुने दुखणे आहे. आज मालाची वाट रुळांइतकीच नोंदींवरूनही जाते. म्हणून तो प्रश्न नव्याने विचारला पाहिजे.

२०२५-२६ च्या हंगामात भारतीय कापूस महामंडळाने हमीभावाने विक्री करू इच्छिणाऱ्या शेतकऱ्याला ‘कपास किसान’ ॲपवर नोंदणी आवश्यक केली. आधार, सातबारा, कपाशीचे क्षेत्र अशी माहिती भरायची, ती तपासली जायची, आणि मग केंद्रावर गाडी नेण्याचा दिवस ठरवून घ्यायचा. मध्यम धाग्याला ७,७१० आणि लांब धाग्याला ८,११० रुपये क्विंटल हा भाव या दारातूनच मिळणार होता. पुढे रुईच्या गाठीवर क्यूआर संकेत लागतो आणि गाठीचा माग खरेदीपर्यंत काढता येतो. शेतापासून गिरणीपर्यंतची ही नोंद दूरच्या संगणकांवर साठते. अशा संगणकांची साठवण आणि शक्ती लागेल तशी भाड्याने घेण्याच्या व्यवस्थेलाच ‘क्लाउड’ म्हणतात. केंद्र सरकारने २०१३ सालीच ‘मेघराज’ नावाने शासकीय कामासाठी ती स्वीकारली.

या सुधारणेला सरसकट विरोध करणे शहाणपणाचे नाही. १९७२ साली सुरू झालेल्या राज्याच्या एकाधिकार खरेदी योजनेत केंद्रांपुढे लागणाऱ्या बैलगाड्यांच्या रांगा आणि चुकाऱ्याची प्रतीक्षा जुन्या कार्यकर्त्यांना आठवत असेल. ठरलेला दिवस आणि थेट खात्यात जमा होणारे पैसे हा खराखुरा लाभ आहे.

परंतु यंत्र ज्याला ओळखते, त्यालाच हा लाभ मिळतो. ठोक्याने वा बटईने कसणाऱ्याचे नाव सातबाऱ्यावर नसते. राबणाऱ्या स्त्रीचेही बहुधा नसते. झरी-जामणीच्या कोलाम पोडावरील माणसाकडे चालता फोन असेलच असे नाही. नोंद अडली की हमीभावाचे दार बंद होते आणि देणेकरी दारात उभा असताना मिळेल त्या भावाने व्यापाऱ्याला कापूस घालावा लागतो. लिलावात पडलेला भाव निदान कानांनी ऐकू येत असे. संगणकाच्या नकाराला चेहराही नसतो.

याहून गंभीर गोष्ट विषमतेची आहे. शेतकऱ्याचा सातबारा, पेरा आणि आवक खरेदीदाराला आधीच दिसते; शेतकऱ्याला मात्र गिरणीतला साठा दिसत नाही, धोरणही दिसत नाही. ज्या हंगामात त्याच्या शेताची इतकी काटेकोर नोंद मागण्यात आली, त्याच हंगामात १९ ऑगस्ट २०२५ पासून कापसावरील ११ टक्के आयात शुल्क उठवण्यात आले आणि ही सवलत पुढे ३१ डिसेंबरपर्यंत, म्हणजे ऐन आवकेच्या दिवसांत, चालू ठेवण्यात आली. ज्ञान हेही उत्पादनाचे साधन आहे. ते एकाच बाजूला साचले की बाजार मुक्त राहत नाही.

तेव्हा मागणी नेमकी असावी. ग्रामपंचायतीत व बाजार समितीत कागदावर नोंदणीची सोय हवी आणि तिची पोच हातात मिळावी. नकाराचे कारण मराठीत लेखी द्यावे आणि त्यावर तालुक्यातच ठराविक मुदतीत दाद मिळावी. कसणाऱ्याची नोंद ग्रामसभेच्या साक्षीने ग्राह्य धरावी. ही माहिती सार्वजनिक मालकीची राहावी, ती व्यापारासाठी विकली जाऊ नये आणि केंद्रनिहाय खरेदी, नकार व थकलेले चुकारे रोज फलकावर लागावेत.

वणी, पांढरकवडा, राळेगाव, घाटंजी येथील कार्यकर्त्यांनी हंगामापूर्वी गावोगाव बसून नाकारलेल्या अर्जांच्या याद्या कराव्यात. संगणकात ज्यांची नोंद नाही, त्यांची नोंद चळवळीकडे तरी असली पाहिजे.