पंप मोठा नको, पुरेसा हवा

मे महिन्यात नागपूरचा पारा पंचेचाळीसच्या वर गेला की गॅरेजमध्ये एकाच तक्रारीच्या गाड्या वाढू लागतात. सकाळी गाडी ठणठणीत असते. दुपारी समृद्धी महामार्गावर ताशी १२० च्या मर्यादेला धरून तासभर पळवली की पिकअप तुटतो, झटके बसतात. बाजूला लावून अर्धा तास थंड होऊ दिली की पुन्हा सुरू. निदान ठरलेलं : फ्युएल पंप गेला. हल्ली त्यापुढची मागणीही ठरलेली आहे : ‘आता भारीतला टाका.’ ग्राहक मोबाइलवर ताशी २५५ लिटरचा पंप दाखवतो आणि आपल्यातले काही जण तो बसवूनही देतात.

जरा हिशेब मांडून पाहू. पेट्रोल इंजिनाला पूर्ण ताकदीवर एका अश्वशक्तीमागे तासाला साधारण २२५ ग्रॅम इंधन लागतं. म्हणजे १०० अश्वशक्तीच्या गाडीला साडेबावीस किलो, सुमारे ३० लिटर. ई-२० पेट्रोलमुळे त्यात आठ-नऊ टक्के धरा, वर पाव हिस्सा राखीव ठेवा. आकडा चाळीस-बेचाळीस लिटरच्या पलीकडे जात नाही. मूळ पंप चांगल्या स्थितीत असेल तर एवढं सहज देतो. टर्बो बदलून ताकद वाढवलेली गाडी सोडली, तर २५५ लिटरचं काम नागपुरातल्या घरगुती गाडीत नाही.

उलट नुकसानच आहे. मोठा पंप करंट जास्त ओढतो. जुनी वायर, रिले आणि टाकीवरचं कनेक्टर तापतं. रिटर्न लाइन असलेल्या गाडीत जादा पेट्रोल इंजिनाजवळून गरम होऊन टाकीत परततं, आणि रेग्युलेटरला ते सोडता आलं नाही तर रेलचा दाब वाढून मिश्रण घट्ट होतं. पंपावर छापलेला आकडाही नीट वाचावा. दाब वाढला किंवा व्होल्टेज पडलं की पुरवठा घटतो. त्यामुळे तीन-साडेतीन बारवर आणि साडेतेरा व्होल्टला पंप किती देतो, हे विचारल्याशिवाय माल उचलू नये.

मग खरा ‘अपग्रेड’ कशात आहे? टिकण्यात. इथेनॉलवर धावणारी बस नागपूरच्या रस्त्यावर २०१४ मध्येच आली. आता २० टक्के इथेनॉल प्रत्येक टाकीत आहे. एप्रिल २०२३ नंतर बनलेल्या गाड्यांचे सुटे भाग त्या हिशेबाने दिलेले आहेत. आपल्याकडे कामाला येतात त्यातल्या बऱ्याच गाड्या त्याआधीच्या. इथेनॉल काही रबरांना फुगवतं, पाणी ओढून घेतं आणि जुन्या टाकीतला गाळ सुटा करून जाळीत आणतं. म्हणून ई-२० ला चालणारा पंप निवडा, आणि जाळी, टाकीच्या झाकणाची सील रिंग व आतला पाइपही नवा घ्या. पाइप पेट्रोलमध्ये बुडून राहण्यासाठी बनवलेलाच हवा. बाहेरच्या लाइनचा नळीचा तुकडा टाकीत घातला तर तो बाहेरूनही पेट्रोल शोषून मऊ पडतो, आणि चांगल्या पंपाचा दाब आतल्या आतच गळतो.

पण पंप काढण्याआधी दोन गोष्टी मोजा. रेलवर गेज लावून दाब. आणि गाडी चालू ठेवून थेट पंपाच्या कनेक्टरवर व्होल्टेज. बॅटरीवर १३.८ आणि पंपापाशी साडेअकरा दिसलं, तर दोष पंपाचा नाही. रिले, फ्यूज किंवा अर्थिंगची वायर तपासा. अशा गाडीत नवा पंप टाकला तर तोही पुढच्या उन्हाळ्यात परत येईल. लाइन सोडण्यापूर्वी पंपाचा फ्यूज काढून इंजिन बंद पडू द्या, म्हणजे दाब उतरेल. मग बॅटरीची निगेटिव्ह काढा आणि अग्निशामक हाताशी ठेवा. पंचेचाळीस अंशात पेट्रोलची वाफ फार लांब पसरते.

ग्राहकालाही एक गोष्ट समजावून सांगायला हवी. टाकीतला पंप पेट्रोलनेच थंड राहतो आणि त्यानेच त्याला वंगण मिळतं. लाल दिवा लागेपर्यंत गाडी पळवणारा आणि सीएनजीवर चालतेच म्हणून टाकीत लिटर-दोन लिटरच पेट्रोल ठेवणारा, दोघेही पंप जाळतात. उन्हाळ्यात पाव टाकीच्या खाली जाऊ नका, एवढं सांगायला पैसे लागत नाहीत.

आपल्या वाचकांना एवढीच विनंती, या उन्हाळ्यापासून बिलावर पंपाच्या किमतीआधी रेलचा दाब आणि पंपापाशी मिळालेलं व्होल्टेज लिहा. हे दोन आकडे ज्या बिलावर नाहीत, त्या बिलावर पंपही असू नये.